राजा सापडतो, पणजीचं माहेर सापडत नाही

पानिपतावर आमच्या घरातलं कोणी नव्हतं, असं सांगणारं मराठी घर मिळणं कठीण. कोणाचा मूळपुरुष भाऊसाहेबांच्या फौजेत पथक्या होता, कोणाचा जखमी होऊन परतला, कोणाचा परतलाच नाही आणि म्हणून धाकट्या भावाची पाती वाढली. ऐकणारा मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो. पण हिशेब मांडला तर हसणाराच चुकतो.

एक पिढी सरासरी तीस वर्षांची धरू. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ, खापरपणज्या-खापरपणजोबा सोळा. १७६१ पर्यंत मागे जायला साधारण नऊ पिढ्या लागतात आणि नवव्या पिढीत पूर्वजांच्या ५१२ जागा असतात. त्यांतले निम्मे, म्हणजे २५६, पुरुष. या २५६ जणांपैकी एकही त्या मोहिमेत शिपाई, कारकून, बैलवाला नाहीतर नुसता बुणगा म्हणूनही गेला नव्हता, असं छातीठोकपणे सांगणं हेच धाडसाचं. तेव्हा घरातली ती गोष्ट खरी असण्याचा संभव चांगला आहे. फक्त ज्या पूर्वजाच्या नावावर ती सांगितली जाते तो आपल्या आडनावाचा असतो. उरलेल्या २५५ जणांपैकी कोणी गेला असेल तर त्याचं नाव घरात कोणाला ठाऊक नसतं, कारण तो कुठल्या तरी पणजीच्या पणजीच्या माहेरचा.

आणखी मागे गेलं की आकडे हाताबाहेर जातात. विसाव्या पिढीत दहा लाखांहून जास्त जागा होतात, तिसाव्या पिढीत १०७ कोटी. तीस पिढ्या म्हणजे नऊशे वर्षं. देवगिरीचे यादव अजून कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते तो काळ. तेव्हा साऱ्या जगात मिळून इतकी माणसं नव्हती. मग या जागा भरल्या कोणी? त्याच त्या माणसांनी, पुन्हा पुन्हा. एकच माणूस बापाकडून पणजोबांचा पणजोबा लागतो आणि आईकडूनही कोणीतरी लागतो.

आपल्याकडे हे घडायला फार पिढ्याही लागत नाहीत. मामाची मुलगी करायची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात तिचा सविस्तर विचार केला आहे. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, हा त्यातला बारकावा. अशा जोडप्याच्या मुलाला आठ पणज्या-पणजोबा नसतात, सहाच असतात. कारण बापाच्या आईचे आईबाप आणि आईच्या बापाचे आईबाप ही एकच दोन माणसं. वंशवृक्ष म्हणून जे चित्र आपण भिंतीवर लावतो त्यात फांद्या एकमेकींपासून दूर जात राहतात. खऱ्या घराण्यात त्या दोन-चार पिढ्यांत पुन्हा एकत्र येतात.

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ साली या गुंत्याचं गणित मांडलं. लोकसंख्या ठराविक आहे आणि लग्नं कशीही जुळतात असं धरलं, तर पुरेशा पिढ्या मागे गेल्यावर असा टप्पा येतो की त्या वेळच्या सुमारे ८० टक्के लोकांपैकी प्रत्येक जण आजच्या प्रत्येकाचा पूर्वज असतो. उरलेल्या २० टक्क्यांचा वंश खुंटलेला असतो. मधलं काही नाही. युरोपातल्या हौशी वंशशोधकांना ८१४ साली वारलेला सम्राट शार्लमेन आपला पूर्वज निघाला की फार आनंद होतो. गणिताच्या दृष्टीने आजच्या जवळपास प्रत्येक युरोपियन माणसाचा तो पूर्वज आहे. त्याच्या मोतद्दाराचा वंश टिकला असेल तर तो मोतद्दारही.

हे गणित आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडत नाही, कारण आपली लग्नं कशीही जुळत नाहीत. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१३ साली जनुकांवरून काढलेला निष्कर्ष असा, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोक एकमेकांत भरपूर मिसळले आणि नंतर हळूहळू जातीच्या आत लग्नं होऊ लागली. म्हणजे जुन्या काळातले पूर्वज बव्हंशी सगळ्यांचे सामाईक, अलीकडच्या हजार-दीड हजार वर्षांतले बरेचसे जातीपुरते. पण त्यामुळे जातीच्या आत हा गुंता उलट आणखी घट्ट होतो. चँग यांच्या सूत्राप्रमाणे लाखभर लोकांच्या गटाला सगळे पूर्वज सामाईक व्हायला तीसेक पिढ्या पुरतात. प्रत्यक्षात सोयरीक वीस कोसांच्या आत बघायची पद्धत, म्हणजे जरा जास्त लागतील. तरी मुद्दा तोच. एखाद्या जातीतला नऊशे-हजार वर्षांपूर्वीचा कोणी नामांकित पुरुष तुमचा पूर्वज असेल, तर शेजारच्याचाही असतो, आणि ज्याच्याशी तुमचा बांधावरून दावा चालू आहे त्याचाही.

थोर पूर्वज मिळवण्यात म्हणूनच फारसं कर्तृत्व नाही. कर्तृत्व आहे ते एकेक नाव कागदावर दाखवत मागे जाण्यात. तिथे चार पिढ्यांतच दम लागतो.

पहिली फसगत आडनावाची. आपण ते सनातन समजतो, पण पुष्कळ घरांत ते दीडदोनशे वर्षांचंही नसतं. जोतीराव फुल्यांचं घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या धंद्यावरून फुले झालं. बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगडाजवळचं आंबडवे. नाना फडणवीस हे बाळाजी जनार्दन भानू; फडणवीस हा हुद्दा. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख हेही हुद्देच. त्यामुळे दोन गावचे दोन कुलकर्णी एका कुळातले असायला काहीच कारण नाही. आणि एकाच बापाचे तीन मुलगे तीन गावांना गेले की तीन वेगवेगळे ‘कर’ होतात.

म्हणून शोध आडनावावरून नव्हे, गाव आणि जमीन यांवरून धरावा. तलाठ्याकडचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, ही पहिली पायरी. खातेदार मयत झाला की वारस लागतात आणि प्रत्येक वारसनोंद म्हणजे एका पिढीचा दाखला. त्याच्या मागे जन्ममृत्यूचं रजिस्टर, नमुना चौदा, ज्याला गावोगाव कोतवाल बुक म्हणतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रक, आणि त्याआधीचे निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा हे सगळे गठ्ठे गावोगाव उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात काय व्हायचं ते होवो, एरवी वाळवीच्या वाट्याला जाणारं पुष्कळ दप्तर त्यानिमित्ताने माणसांनी डोळ्यांनी पाहिलं.

मोडीतली मृत्यूची नोंद दिसायला क्षुल्लक असते. आधी ओळभर शिरोरेघ ओढलेली, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द सुटे नाहीत. मयताचं नाव, बापाचं नाव, जात, वय, आजार, खबर कोणी दिली. खबर देणारा बहुधा भाऊ नाहीतर पुतण्या, म्हणून हुशार शोधक मयतापेक्षा खबर देणाऱ्याकडे जास्त लक्ष देतो. आणखी जुन्या कागदांत साल शोधणं हेच एक काम. ‘खमस सबैन अलफ’ असं लिहिलं असेल तर अरबी आकडे उकलायचे: खमस पाच, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे शुहूर सन १०७५. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येतं, शिवराज्याभिषेकाचं साल. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून त्याचा उत्तरार्ध १६७५ मध्ये पडतो आणि तेव्हा ६०० मिळवावे लागतात. फसली वेगळं, शक वेगळा. एका वर्षाने चुकलं तर फारसं बिघडत नाही. तीस वर्षांनी चुकलं तर आजोबाचा नातू होतो.

आणि तो सहज होतो, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. पेशव्यांचंच पाहा. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव, त्यांचे पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. थोरल्या बाजीरावांचं पाळण्यातलं नाव विसाजी, म्हणजे आजोबांचंच विश्वनाथ. गणोजी–राणोजी–गणोजी–राणोजी अशी साखळी लागली की कागदावरचा राणोजी तिसरा की पाचवा, हे साल नसेल तर सांगता येत नाही. घरगुती वंशावळीत मधल्या दोन पिढ्या गळण्याचं हे नेहमीचं कारण.

कागदाखेरीज आपल्याकडे वंशावळ राखणारी माणसंही आहेत. नाशिकला रामकुंडावर अस्थी घेऊन गेलं की तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव आणि जात. त्यावरून कोणाचे यजमान ते ठरतं आणि कापडात गुंडाळलेली लांबोडकी वही उघडते. त्यात आपला चुलत आजोबा कोणत्या साली आला, बरोबर कोण होतं, त्याला मुलगे किती, हे त्याच्याच सहीनिशी सापडतं. त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, सगळीकडे हीच रीत. हरिद्वारच्या वह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशशोधक संस्थेने मायक्रोफिल्म काढून नेल्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून येत. मूळ गाव, कुलदैवत, देवक आणि मग पिढ्या, असं दारात उभं राहून सूर लावून वाचतात, नवी बाळं लिहून घेतात, धान्य-कपडा घेऊन पुढे जातात. खानदेशात हे काम भाटांचं. यांच्या चोपड्यांचा अलीकडचा भाग बराच भरवशाचा असतो, कारण तो घरच्यांच्या तोंडून त्यांच्यासमोरच लिहिलेला असतो. वरचा भाग, जिथे माणसं एकदम चितोड नाहीतर अयोध्येहून येतात, तो जपून घ्यावा.

कारण वंशावळ ही मुळात हौसेची वस्तू नव्हती, हक्काची होती. पाटीलकीची वडीलकी कोणत्या पातीकडे, होळीचा पहिला मान कोणाचा, इनामात तक्षीम किती, यावर भांडण लागलं की दोन्ही बाजू गोतसभेपुढे आपापला करीना मांडत आणि करिन्यात पिढ्या सांगत. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि इनाम टिकवायचं तर घराण्याची कैफियत आणि वंशावळ देणं आलं. पुण्याच्या पुराभिलेखागारात अशा वंशावळी ढिगाने आहेत. त्यांत खोट्याही आहेत. जमिनीसाठी भाऊ भावाला परका ठरवतो तिथे एखादा पणजोबा इकडचा तिकडे करणं काय मोठं? पण ज्याला वतन नव्हतं, इनाम नव्हतं, त्याला वंशावळ लिहिण्याचं कारणच नव्हतं. गोव्यातही तेच. गावकारीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नात, वाटा मिळायला गावकरांच्या वंशात जन्मलेला मुलगा म्हणून नाव लागावं लागे, म्हणून ती नावं राहिली.

राजघराण्यांत हक्काचा प्रश्न अर्थात आणखी मोठा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचं कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलं गेलं. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवावरच्या ग्रंथात वेगळाच माग काढला, तो होयसळांच्या बाजूने कर्नाटकात जातो. वेरूळचे बाबाजी, त्यांचे मालोजी आणि विठोजी, मालोजींचे शहाजी, इथवर वाद नाही. बाबाजींच्या मागे गेलं की अभ्यासकांचे रस्ते फुटतात. तिकडे तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा सगळा वंश मराठीत कोरून घेतला, तो पुराणकाळापासून. दगडावर कोरलं म्हणून ते जास्त खरं होत नाही, हे तिथे उभं राहिल्यावरही लक्षात ठेवावं लागतं. भिंत फारच भव्य आहे. मला विचाराल तर बाबाजींपाशी थांबल्याने शिवाजी महाराजांच्या थोरवीतून रतीभरही काही कमी होत नाही. ती ज्यांना चितोडहून आणावी लागते त्यांनाच काळजी.

कागदावरचा वंश आणि रक्ताचा वंश वेगळे असू शकतात, हे आपल्याकडे दत्तकाने अगदी उघडउघड मान्य केलं आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव. १८७५ साली दत्तक गेले. कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली दत्तक आले. दोघांच्या वंशावळी दोन-दोन, आणि दोन्ही खऱ्या.

जनुकचाचणी केली तर यातलं सगळं उलगडेल, अशी आता पुष्कळांची समजूत आहे. तिची मर्यादा पाहा. दर पिढीला गुणसूत्रांचे तुकडे फेरवाटप होऊन पुढे जातात, त्यात काही पूर्वजांच्या वाट्याला काहीच येत नाही. दहाव्या पिढीतल्या १०२४ जागांपैकी जेमतेम निम्म्या जागांवरच्या माणसांचा अंश आपल्यात उरलेला असतो. बाकीचे आपले सख्खे पूर्वज, पण आपल्या शरीरात त्यांची खूण नाही. अखंड जाणाऱ्या वाटा दोनच: बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र, आणि आईकडून सगळ्या मुलांना जाणारं पण पुढे फक्त मुलींकडूनच चालणारं मायटोकाँड्रियाचं जनुकद्रव्य.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. २०१२ साली लेस्टरमध्ये एका वाहनतळाखाली सांगाडा सापडला. तो राजाचाच का, हे ठरवायला दोन्ही वाटा तपासल्या. राजाच्या बहिणीपासून लेक, लेकीची लेक अशी निव्वळ बायकांची साखळी सतरा पिढ्या खाली उतरून लंडनमध्ये राहणाऱ्या एका कॅनेडियन सुतारापाशी येत होती. त्याचं मायटोकाँड्रियाचं द्रव्य जुळलं. पुरुषांची साखळी मात्र सरदारघराण्याची, पिढ्यान्‌पिढ्या छापलेली, पदव्यांनी सजलेली. त्यातल्या पाच हयात पुरुषांपैकी एकाचंही वाय गुणसूत्र राजाशी जुळलं नाही आणि पाचांतल्या एकाचं तर उरलेल्या चौघांशीही जुळलं नाही. मध्ये कुठेतरी बाप दुसराच होता. २०१४ साली हे सगळं प्रसिद्ध झालं. ज्या साखळीवर घराण्याचा मान उभा होता ती तुटलेली निघाली आणि जिच्याकडे घराण्याच्या दृष्टीने कोणी पाहिलंही नसतं, तिने राजा ओळखून दिला.

मराठी माणसाला अशी साखळी जोडायची झाली तर? इथे आपण फारच गरीब आहोत. लग्नात बाईचं आडनाव बदलतं तेवढ्यावर थांबत नाही, नावही बदलतं. भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे माहेरच्या कुर्लेकर, त्याही यमुनाच. झाशीच्या लक्ष्मीबाई म्हणजे तांब्यांची मनकर्णिका. या नामवंत बाया, म्हणून दोन्ही नावं टिकली. बाकी घरांत १८८० साली लग्न होऊन आलेल्या पणजीचं माहेरचं नाव सांगणारं कोणी उरलेलं नसतं. विसाव्या शतकात चित्पावन घराण्यांनी आपापले जाडजूड कुलवृत्तांत छापले. काम मेहनतीचं, त्याबद्दल आदरच. पण त्यांतही जुन्या पिढ्यांतल्या बायका कोऱ्या आहेत आणि लेक आली की सासरचं आडनाव लिहून ओळ संपते. चीनमधल्या कन्फ्यूशियसच्या वंशजांनीसुद्धा ऐंशीहून जास्त पिढ्यांच्या आपल्या वंशग्रंथात बायकांना प्रथम जागा दिली ती २००९ च्या आवृत्तीत. त्या आवृत्तीत नावं वीस लाखांहून जास्त आहेत.

आपल्या रीतीत एक जागा अपवादाची. पक्षातल्या श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा यांच्यासोबत आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, आणि आईचे बाप, आजे, पणजेही सपत्नीक येतात. ज्या घरात हे नेमाने होत आलं तिथे गुरुजींना सांगण्यासाठी कोणीतरी एका वहीत ही नावं आणि तिथ्या उतरवून ठेवलेल्या असतात. देवघराच्या खणात ती वही सापडली तर छापील वंशवृक्षाआधी ती वाचावी.

तीही नसेल तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारावं, आणि पुरुषांबद्दल नव्हे. तुझ्या आईचं माहेर कुठलं, मामाकडे सुट्टीला कुठे जायचात, बाळंतपणाला कोणत्या गावी नेलं, आत्या कोणाकडे दिली. नाव आठवलं नाही तरी गाव आठवतं. गाव मिळालं की कोतवाल बुक आहे, फेरफार आहे.

पुढच्या काळातल्या शोधकाला मात्र जरा बरे दिवस येतील. २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, त्यामुळे वारसनोंदीत लेकींची नावं घालणं टाळता येत नाही. मग भाऊ बहिणींना गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात आणि त्या हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही करून, साडीचोळी घेऊन आपापल्या घरी जातात. त्या दस्तात बहिणीचं माहेरचं नाव असतं, सासरचं पूर्ण नाव असतं, वय, राहणार कुठली, धंदा घरकाम, फोटो, आणि आता अंगठ्याचा ठसाही. शंभर वर्षांनी कोणाला खापरपणजीचा माग काढायचा झाला, तर तिने आपला हिस्सा सोडून दिल्याचा हा कागदच बहुधा पहिल्यांदा हाती लागेल.